क्लिक बंद, फोन चालू: आमच्या खोलीत झालेल्या एका अल्बमची पूर्ण केस

मी छत्रपती संभाजीनगरला सिडको भागात घराच्याच वरच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. वर्षाचं पोट चालतं ते एप्रिलच्या आधी भीमगीतांवर, श्रावण लागला की गणपतीच्या गाण्यांवर आणि निवडणूक आली की प्रचाराच्या गाण्यांवर, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, भीमगीत म्हणणाऱ्या बाईचा आवाज एका टेकमधे, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगमधे, जसा लागतो तसा मी दुसरीकडं फार कमी ऐकलाय. पण ही केस रॉक बँडची आहे. चौघं, मराठीत गाणारे, सात गाणी, एकतीस मिनिटं. नावं कुणाचीच देत नाही, चौघांनी तेवढंच सांगितलं होतं, बाकी सगळं लिही म्हणले.

लिहायचं कारण एवढंच की अल्बम आल्यावर ज्यानं त्यानं मला एकच गोष्ट सांगितली, दुःखातून काय भारी गाणी निघाली रे. मी ती निघताना शेजारी बसून बघितलीयेत. दुःखातून थेट जे निघालं ते चौदा डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंगं, होते, आणि ते चांगले नव्हते. अल्बम नंतर झाला, वेगळ्या कारणानं झाला, आणि ते कारण मला नीट लिहून ठेवायचंय कारण असं पुढं कुणा ना कुणाचं होणारच आहे.

घडलं काय

चौघं इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजचे, गॅदरिंगला जमलेले. गायक माजलगावकडच्या एका गावचा, घरी कापूस नि सोयाबीन, थोरला भाऊ शेती बघतो, वडील लहानपणीच गेलेले त्यामुळं घर म्हणजे माय आणि भाऊ. ड्रमर वाळूजला एका कंपनीत शिफ्टमधे. बासवाला लातूरला क्लासेसमधे फिजिक्स शिकवतो, रविवारी सुद्धा त्याच्या पोरांची टेस्ट असती. दुसरा गिटारवाला पुण्याला आयटीत.

ऑक्टोबर २०२३. पुण्यात एका छोट्या जागी कार्यक्रम होता, तिकीट लावून झालेला पहिलाच. गायकाला स्टेजवर जायच्या आधी लई घाबरायला होतं, हात गार पडतात, म्हणून त्यानं स्वतःच नियम केला होता की सेट संपेपर्यंत मला कुणी काही सांगायचं नाही, पाणी सुद्धा विचारायचं नाही. सगळ्यांचे फोन ड्रमरच्या पिशवीत, पिशवी त्याच्या स्टुलाशेजारी. दुसऱ्या गाण्यानंतर ड्रमरनं घाम पुसायला टॉवेल काढला तेव्हा गायकाच्या फोनवर भावाचे चार मिस्ड कॉल दिसले. पाच गाणी राहिली होती. त्यानं सांगितलं नाही. सेट संपायला चाळीस मिनिटं लागली आणि तोवर कॉल नऊ झाले होते.

मायला गोठ्यात चक्कर आली होती, उजवा हात पडला, जीभ जड झाली. भाऊ विचारत होता बीडला नेऊ का सरळ संभाजीनगरलाच आणू, कारण दवाखान्याचं सगळं गायकच बघायचा, कागदं, ओळखी, सगळं. शेवटी भावानं स्वतःच्या मनानंच गाडी काढली. गायक पुण्याहून निघाला, पहाटे पोचला तेव्हा मायचं बोलणं पूर्ण बंद झालेलं होतं. अकरा दिवस ती आयसीयूत होती, नंतर गेली.

आता इथं थोडं थांबून वैद्यकीय भाग सांगावा लागतो, कारण ऐकणारा प्रत्येकजण पहिला तोच हिशोब लावतो. लकवा दोन तऱ्हेचा. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असंल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं आणि ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून तिथं मिनिटं मोजतात. पण वाहिनी फुटून आत रक्त सांडलं असंल तर ते इंजेक्शन देतच नाहीत, दिलं तर रक्त अजून वाहील. मायचा सीटी स्कॅन दुसऱ्या तऱ्हेचा होता. म्हणजे ड्रमरच्या चाळीस मिनिटांमुळं इंजेक्शन हुकलं असं नव्हतं. डॉक्टरांनी हे गायकाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, त्याला ते कळलंही. राग इंजेक्शनचा नव्हताच. भाऊ त्याला म्हणला होता, पहिला अर्धा तास माय तुझं नाव घ्यायली होती, नीट येत नव्हतं पण कळत होतं. फोन उचलला असता तर आवाज ऐकायला मिळाला असता. एवढंच होतं सगळं, आणि ह्याला सीटी स्कॅन काही करू शकत नाही.

ड्रमर दहाव्याला गावात आला, बाहेर लिंबाखाली उभा राहिला आणि तसाच परत गेला. त्यानंतर दोघं चौदा महिने बोलले नाहीत. बँड मोडला असं कुणी जाहीर केलं नाही पण वाजवणं बंद झालं.

चौदा डेमो

जानेवारी २०२५ ला गायक माझ्याकडं लॅपटॉप घेऊन आला. मधल्या काळात तो गावीच होता, रात्री मोटार चालू करायला लाइट यायची वाट बघत शेतातल्या खोलीत बसून त्यानं चौदा गाणी केलेली. मी सगळी दोनदा ऐकली. आवाज खरा होता, त्याच्यात काही शंका नाही, दोन गाण्यांमधे तर तो गाता गाता रडलाय. पण गाणी म्हणून ती उभी राहत नव्हती आणि कामून ते मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारण तो माझ्याकडं त्याच्यासाठीच आला होता.

एक तर चौदाच्या चौदा गाण्यांत 'तू' होता, आणि तो तू कोण, त्यानं केलं काय, हे ऐकणाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता. 'विश्वासघात' हा शब्द चार गाण्यांत. हा पोरगा आयुष्यात घरी दारी कधी विश्वासघात म्हणला नसंल. दुसरं म्हणजे प्रत्येक गाणं पहिल्या ठोक्यापासून पूर्ण जोरात, गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटल्यासारखा करायचा परिणाम, एकाच मापाचं, त्यामुळं पुढं चढायला जागाच नाही. आणि तिसरं, ड्रम सगळे कॉम्प्युटरवर मांडलेले, घड्याळासारखे सरळ, त्यामुळं माणूस फुटायलाय आणि मागं मशीन शांतपणे ठोकायलंय असं काहीतरी विचित्र व्हायचं. फक्त एका गाण्यातल्या दोन ओळी मला लागल्या:

पिशवीत फोन थरथरत होता
मी डोळे मिटून सूर लावत होतो

इथं तू नाही, शिवी नाही, आणि तरी सगळं आहे. मी म्हणलं ह्या दोन ओळी ठेव, बाकीचं बाजूला ठेव. तो चिडला, दोन दिवस आला नाही, मग आला.

त्याचा बेत असा होता की ड्रम असेच मशीनवर ठेवायचे, नाहीतर पुण्याहून पैसे देऊन एखादा ड्रमर आणायचा, एका दिवसात सातआठ गाणी वाजवून जातो असे लोक आहेत आणि चांगले वाजवतात. दोन्ही बेत तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते. मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, त्याला फू फायटर्स ह्या अमेरिकन रॉक बँडचा २०२३ चा अल्बम लावून दिला, 'बट हिअर वी आर'. त्याला बँड माहीत होता पण हा अल्बम ऐकलेला नव्हता, तो आला जून २०२३ मधे आणि ऑक्टोबरनंतर त्यानं दुसऱ्या कुणाचं काही ऐकलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फू फायटर्सचा डेव्ह ग्रोल हा आधी 'निर्वाणा' ह्या बँडचा ड्रमर. १९९४ ला त्या बँडचा गायक कर्ट कोबेन वारल्यावर त्याच ऑक्टोबरमधे त्यानं सिएटलला एका स्टुडिओत आठवडाभरात जवळपास सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून गाणी केली, तिथून फू फायटर्स सुरू झालं. पुढं त्यांचा ड्रमर टेलर हॉकिन्स पंचवीसेक वर्षं त्याच्यासोबत होता, तो २५ मार्च २०२२ ला दौऱ्यावर असताना कोलंबियात बोगोटाला वारला, पन्नास वर्षांचा होता. त्याच वर्षी ग्रोलची आई गेली, ती शाळेत शिक्षिका होती, अल्बममधे तिच्यासाठी 'द टीचर' नावाचं दहा मिनिटांचं गाणं आहे. आणि त्या पूर्ण अल्बमवर ड्रम ग्रोलनं स्वतः वाजवलेत. आयुष्यात दुसऱ्यांदा तो जवळचा माणूस गेल्यावर एकटा ड्रमवर बसला.

गायकानं सगळा अल्बम खाली गादीवर बसून ऐकला, मधे एकदाही बोलला नाही. संपल्यावर मी त्याला एवढंच म्हणलं, त्याचा ड्रमर गेला म्हणून तो बसला, तुझा वाळूजला आहे, इथून वीस किलोमीटर सुद्धा नाही. ह्यावर तो उठून गेला. मला वाटलं मी जास्त बोललो, आणि आजही मला खात्री नाही की ते बोलायचा मला हक्क होता का.

एका खोलीत

फोन मी नाही केला, बासवाल्यानं केला. ड्रमर मार्चच्या शेवटी सेकंड शिफ्ट बदलून घेऊन सकाळी आला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. मी चहा आणला तो तसाच थंड झाला. ड्रमरनं स्वतःचा किट लावला, तीन तास वाजवलं, आणि जाताना मला म्हणला, "दादा, परत कधी येऊ?" गायकाला नाही, मला. तेवढं मला पुरेसं होतं.

आता माझ्या कामाचा भाग. पहिले तीन दिवस आम्ही नेहमीच्या पद्धतीनं गेलो, म्हणजे प्रत्येकाच्या कानात क्लिक (ताल धरायला एकसारखी वाजणारी टिकटिक), आधी ड्रम, मग बास, मग गिटार, शेवटी आवाज. सगळे ह्याच पद्धतीनं करतात कारण ती सुरक्षित आहे, क्लिकवर सगळं एका मापात बसतं, चुकलं तर तेवढाच तुकडा कापून दुसरा लावता येतो. पण ह्या केसमधे त्याचा अर्थ असा झाला की ड्रमर सकाळी येऊन वाजवून जायचा आणि गायक संध्याकाळी येऊन त्याच्यावर गायचा, दोघांना भेटायची गरजच उरली नाही. मला ते ऐकताना कळायला लागलं. ड्रम बरोबर होते, आवाज बरोबर होता, आणि दोन वेगळ्या घरांतली दोन माणसं वाटत होती.

चौथ्या दिवशी मी क्लिक बंद केला आणि चौघांनाही एकाच खोलीत बसवलं, खोली दहा बाय बाराची. गायकाला ड्रमच्या समोर, तोंडासमोर तोंड. क्लिक नसला की गाणं कधी सुरू करायचं, कुठं हळू व्हायचं, कुठं थांबायचं हे एकमेकांकडं बघूनच करावं लागतं, दुसरा इलाजच नाही. हे मी मुद्दाम केलं आणि त्यांना कारण सांगितलं नाही. सांगितलं एवढंच की आवाज जास्त जिवंत येईल, ते सुद्धा खोटं नव्हतं.

ह्याची किंमत आहे ती पण सांगतो. एका खोलीत ड्रम आणि गाणं म्हणलं की गाण्याच्या माइकमधे ड्रम शिरतात, मग आवाज दुरुस्त करायला गेलं की मागचा स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला छोटा ड्रम, पण हलतो, त्यामुळं बेसूर गेलं तर गेलं. आम्ही गायकाला लांबचं पण टिपणारा कंडेन्सर माइक दिलाच नाही, साधा डायनॅमिक दिला, तो तोंडाजवळचंच जास्त घेतो. ड्रमला फक्त चार माइक, दोन वर, एक किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, एक स्नेअरला. भिंतींना कापसाच्या जाड गाद्या लावल्या, त्यानं झांजेचा चरचराट मरतो पण बासचा घुमारा मरत नाही, तो कोपऱ्यात साठतो, म्हणून कोपऱ्यांत गाद्या गुंडाळून छतापर्यंत रचल्या. आणि आमच्या भागात पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि गिटारच्या पिकअपमधे, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकात, हम्म सुरू होतो, म्हणून रेकॉर्डिंगचं वेळापत्रक पाण्याच्या वेळापत्रकावरून ठरायचं. एप्रिल-मे मधे पंखा बंद ठेवून, बेचाळीस डिग्रीत. चौघं बनियनवर वाजवायचे.

फोनचं आपोआप ठरलं. एका खोलीत बसल्याच्या पहिल्याच दिवशी ड्रमरनं स्वतःची पिशवी खोलीच्या बाहेर ठेवली, फोन कुणाचाच हातात घेतला नाही, आणि एक स्टूल आणून गायकाच्या समोर ठेवलं, त्याच्यावर चौघांचे फोन, तोंड वर करून, आवाज चालू. स्टुडिओत फोन सायलेंट नसणं म्हणजे पाप, मी तोंड उघडणारच होतो पण गायकानं स्टुलाकडं बघितलं, मग ड्रमरकडं बघितलं, आणि मी गप बसलो.

ह्याच सुमारास ओवीचा विषय निघाला. गायकाकडं मायचा एक आवाज होता, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, सत्तेचाळीस सेकंद. २०२१ ला भावाच्या लग्नात हळदीला जातं पुजून बायका दळत होत्या तेव्हा कुणीतरी काढलेला. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या हा केवढा मोठा ठेवा आहे हे बाहेरच्यांनी सुद्धा ओळखलंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या अभ्यासकांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्यात माजलगावच्या बायकांच्याही आहेत. ह्या पोराला हे काही माहीत नव्हतं, त्याच्यासाठी तो फक्त मायचा आवाज होता.

बाकी तिघांचं म्हणणं, अल्बम त्याच्यावरच संपवायचा. माझंही तेच म्हणणं होतं, लपवत नाही, कुठल्याही रेकॉर्डिस्टला ते ऐकून हेच सुचलं असतं. गायक भावाला विचारायला गावी गेला. भावानं चहा पाजला आणि सांगितलं, "मायचा आवाज घरचा आहे. गाणं तुपलं आहे, तू म्हण." विषय संपला. आणि भाऊ बरोबर होता. तो आवाज टाकला असता तर ऐकणारा तिथं रडला असता आणि आधीची सहा गाणी विसरला असता, आणि आमच्या हातून एक काम पण राहून गेलं असतं.

काम असं. ड्रमरनं तो तुकडा मागून घेतला आणि आठ दिवस शिफ्टला जाता येता ऐकला. त्याला आवाजापेक्षा खालची घरघर दिसली. जातं एका चालीनं फिरत नाही, ओढताना जड नि सोडताना हलकं, आणि बाई ओळ लांबवायला मधे 'बाई', 'सांगते' घालते तेव्हा हात पण थोडा रेंगाळतो. ओळी दोनच पण त्या दोन ओळींत चाल चार वेळा हलते. क्लिकवर हे बसवायचा मी प्रयत्न केला, बसतच नाही. ड्रमरनं स्नेअरच्या खालच्या तारा सैल केल्या, वर सुती कापड टाकलं आणि काठीऐवजी तारांचा ब्रश गोल गोल फिरवायला लागला, किक अजिबात नाही. पाचव्या गाण्यात पहिली दोन मिनिटं तेवढंच आहे, घरघर आणि गायक. गायकानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो ड्रमरला म्हणला, "अजून जड कर. मपली माय एका हातानं ओढायची." चौदा महिन्यांनंतर, वर अजून तीनचार महिन्यांनंतर, थेट त्याला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

त्या दिवसापासून शब्द बदलले. आधीच्या चौदातली दोन गाणी राहिली, ती पण नव्यानं लिहून, बाकी पाच पूर्ण नवी. 'विश्वासघात' गेला. तिसऱ्या गाण्यात दवाखान्याच्या जिन्यावर भावानं आणलेली भाकरी आहे, सहाव्यात गायकानं स्वतःच केलेला नियम आहे, मला कुणी हात लावायचा नाही म्हणणारा. तो नियम स्वतःचा होता हे त्यानं गाण्यात कबूल केलं, त्याच्या आधी मी ते त्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. त्या गाण्यात ड्रमर इतका कमी वाजवतो की एका ओळीनंतर पूर्ण थांबतो आणि गायकाला एकटं सोडतो.

मिक्सिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आवाज दाबून मोठा केला नाही, अ‍ॅपवाले एका पातळीवर आणूनच वाजवतात, स्पॉटिफायचं माप −१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) आसपास, मग उगाच चेपून काय करायचं, हळू आहे ते हळू राहू दिलं. सप्टेंबर २०२५ ला अतिवृष्टी झाली, बीड, धाराशिवकडं शेतंच्या शेतं पाण्यात गेली, गायकाचं सोयाबीन पण गेलं, तीन आठवडे तो आला नाही आणि मी पण फोन केला नाही. काम तसंच पडून राहिलं, राहू दिलं. पहिलं आणि चौथं गाणं मला आजही पटत नाही, चौथ्यात बास फार पुढं आलाय आणि ती चूक पूर्ण माझी, बासवाला लातूरहून रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी परत जायचा, त्याला परत बोलवायला जीव झाला नाही. दोघांची दोस्ती पहिल्यासारखी झाली का असं विचारतात. नाही झाली. बोलतात, वाजवतात, ड्रमर ह्या वर्षी वर्षश्राद्धाला गावी गेला आणि ह्यावेळी आत जेवायला बसला.

आता पाचव्या गाण्याचं सांगतो आणि थांबतो. ते आम्ही ऑगस्टमधे केलं, पोळ्याच्या चार दिवस आधी. सात टेक झाले होते, सगळे बरे. आठवा टेक सुरू झाला आणि मला पहिल्या दहा सेकंदांत अंगावर काटा आला, कारण गायक ओळ रेंगाळायचा तिथं ब्रश त्याच्याआधीच रेंगाळत होता. दोन मिनिटांनी किक आली, गिटार उघडल्या, खोली थरथरायला लागली आणि मी हात जोडून बसलो होतो, अक्षरशः. आणि स्टुलावरचा फोन वाजला.

गायकाचे डोळे मिटलेले होते, त्याला त्या आवाजात ऐकूच आलं नाही. बासवाला, गिटारवाला वाजवतच राहिले. ड्रमर थांबला. हात हवेत होता तो तसाच खाली आणला, झांज पकडून बंद केली, उठला, आणि काठीनं फोनकडं दाखवलं.

अल्बमवर आहे तो नववा टेक. आठव्याचा पहिला भाग नि नवव्याचा दुसरा जोडून बघितला, पण क्लिक नव्हता, दोन्हींची चाल वेगळी, जोड कळत होता. आठवा मी पुसला नाही. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांना ड्रम बंद होतात, मग बास, मग गिटार, मग गायक एकटाच अर्धी ओळ म्हणतो आणि थांबतो, मग रिंगटोन नुसती वाजते चारपाच सेकंद, आणि मग त्याचा आवाज, माइकपासून लांब गेलेला:

"हां दादा. बोल. नाही नाही, कामात नाही. पोळ्याला येतो ना. ड्रमवाल्याला पण आणू का?"